आजी, पुढचं वाच ना!

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला आपण वाळवणाचे पापड-कुरडया डब्यात कशा भराव्यात ते पाहिलं. आज डबे-बरण्या जरा बाजूला ठेवू या. आज बोलायचंय ते रात्री साडेआठ ते नऊ या अर्ध्या तासाबद्दल. तुमच्या घरी हा अर्धा तास कसा जातो? अगदी खरं सांगायचं हं!

आमच्याकडे मागच्या वर्षापर्यंत तो असा जायचा: हे मोबाइलवर, थोरला आपल्या खोलीत मोबाइलवर, धाकटी टीव्हीपुढे, मी ओट्यापाशी, आणि सासूबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून. घर एक, माणसं पाच, आणि पाचांची तोंडं पाच दिशांना.

मामंजी त्या वर्षी पौषात गेले. रोज सकाळी ते पेपर मोठ्यानं वाचायचे आणि सासूबाई भाजी निवडत ऐकायच्या. श्रावण आला की पाळी उलटायची. सासूबाई हरिविजयाची पोथी काढायच्या आणि मामंजी डोळे मिटून ऐकत बसायचे. ते गेल्यावर श्रावण आला तसा गेला, पोथी रुमालातून बाहेर आली नाही. त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय हे आम्हांला दिसत होतं. पण डॉक्टरकडे चला म्हटलं की एकच उत्तर, "आता काय वाचायचंय मला?" यावर काय बोलणार?

इकडे थोरल्याची वेगळीच तऱ्हा. तो सातवीत, इंग्रजी शाळेत. मराठी बोलतो फडाफडा, पण वाचायला दिलं की जोडाक्षराशी गाडी अडते. आजीला इंग्रजी येत नाही, नातवाला मराठी वाचवत नाही. म्हणजे दोघांच्यात "जेवलास का?" आणि "हो" याच्यापुढे बोलणंच उरलं नव्हतं. तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी हेच चाललंय, ते मला तुमच्या पत्रांवरून ठाऊक आहे.

म्हणून मी वाचनालयातून 'हॅरी पॉटर आणि परीस' हे पुस्तक आणलं. मूळ इंग्रजी लेखिका जे. के. रोलिंग. भोपाळच्या मंजुल प्रकाशनानं ते मराठीत आणलं आहे. थोरल्यानं सिनेमे पाहिले होते. म्हटलं, गोष्ट माहीत आहे, तर मराठी वाचायला जड जाणार नाही.

आणि इथंच मी चूक केली. त्याला समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावलं आणि प्रत्येक ओळीला टोकलं. "नीट बघ, क्ष आहे तो. ऱ्हस्व वाच." तिसऱ्या दिवशी त्यानं पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "आई, ही शाळा आहे का?" पुस्तक टीव्हीखाली जाऊन पडलं.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी धो धो पाऊस लागला आणि वीज गेली. थोड्या वेळानं मोबाइलची रेंजही गेली. धाकटी अंधाराला घाबरते, म्हणून चार्जिंगचा दिवा लावला आणि तिला मांडीशी घेऊन मीच पुस्तक वाचायला लागले. शिकवायचं वगैरे काही मनात नव्हतं, तिचं भय जावं एवढंच. थोड्या वेळानं हे येऊन खुर्चीत बसले. थोरला दाराशी टेकून उभा राहिला, 'मी काही ऐकत नाहीये' असा चेहरा करून!

गोष्ट अशी, की हॅरीचे आई-बाप तान्हेपणीच गेले. तो मावशीकडे वाढतोय आणि मावशीनं त्याला जिन्याखालच्या कपाटात झोपायला जागा दिलीय. तिच्या मुलाला मात्र दोन-दोन खोल्या. एवढं वाचून झालं आणि पलंगावरून आवाज आला,

"मावशी ना गं ती? माय मरो नि मावशी जगो म्हणतात. ही कसली मेली मावशी!"

आम्ही सगळे गप्प झालो. कित्येक दिवसांत सासूबाई आपण होऊन काही बोलल्या होत्या. वीज आली, कुणी टीव्ही लावला नाही.

त्या दिवसापासून आमचा अर्धा तास ठरला. आठ-दहा दिवसांनी मला पोळ्यांना उशीर झाला, तर सासूबाई म्हणाल्या, "दे इकडे, मी बघते." आणि त्यांनी पोथी वाचतात त्या चालीत वाचायला सुरुवात केली! धाकटी म्हणाली, "आजी, तू गाणं का म्हणतेस?" थोरला हसून लोळला. पण दोन पानं झाली आणि हसू थांबलं. ज्या बाईनं वर्षानुवर्षं पोथी वाचली, तिला कुठं थांबायचं आणि कुठं आवाज खाली आणायचा, ते शिकवावं लागत नाही. त्यांचे डोळे दमले की पुस्तक थोरल्याकडे जायचं. इंग्रजी नावं आली की तो आजीला सांगायचा, जोडाक्षर आलं की आजी नुसतं हळूच पुटपुटायची. 'क्विडिच' नावाचा झाडूवर बसून खेळायचा एक खेळ आहे. आजीच्या तोंडी तो 'किडीच' झाला आणि आमच्या घरी आता त्याचं नाव तेच आहे.

तुम्ही म्हणाल, मुलांचं पुस्तक, त्यात मोठ्यांना काय गोडी? अहो, मीही तसंच म्हणत होते. मग एकदा दुपारी कुकरच्या शिट्या होईपर्यंत म्हणून पुढची चार पानं चोरून वाचली. चाराची चाळीस झाली आणि वरण करपलं! रात्री माझा चेहरा बघूनच थोरल्यानं ओळखलं, "आईनं पुढचं वाचलंय." दंड म्हणून दुसऱ्या दिवशी शिरा करावा लागला.

ही चोरी करणारी मी एकटी नाही, बरं का. हे पहिलं पुस्तक 1997 सालच्या जूनमध्ये लंडनमध्ये निघालं. आधी बऱ्याच प्रकाशकांनी ते परत केलं होतं. ब्लूम्सबरी प्रकाशनाच्या प्रमुखांनी पहिलं प्रकरण आपल्या आठ वर्षांच्या मुलीला दिलं, आणि तिनं पुढचं मागून मागून बापाचा जीव खाल्ला, तेव्हा कुठं ते छापायचं ठरलं. पहिल्या पक्क्या बांधणीच्या आवृत्तीच्या प्रती होत्या फक्त 500! आणि 1998 मध्ये त्याच प्रकाशकांना मोठ्यांसाठी वेगळं, गंभीर दिसणारं मुखपृष्ठ काढावं लागलं. आगगाडीत भल्या थोरल्या माणसांना मुलांचं पुस्तक हातात धरायची लाज वाटू नये म्हणून! पुढे 2000 साली अमेरिकेतल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'नं मुलांच्या पुस्तकांची खपाची यादीच वेगळी काढली, कारण मोठ्यांच्या यादीतल्या वरच्या जागा याच पुस्तकांनी अडवल्या होत्या.

आणखी एक गोष्ट तुम्हांला म्हणून सांगते. लेखिकेचं नाव जोअन. पण बाईनं लिहिलेलं पुस्तक मुलगे वाचणार नाहीत, अशी प्रकाशकांना भीती, म्हणून नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं घातली. त्यातलं 'के' तिनं आजीच्या नावावरून घेतलं. पुस्तकाचा बराच भाग तिनं एडिंबरोत लिहिला, एकटीनं तान्ही मुलगी सांभाळत. पोर बाबागाडीत झोपली की कॅफेत बसून ती लिहायची. आणि लिहायला घेतलं त्याच वर्षी, 1990 च्या डिसेंबरात, तिची आई गेली होती. हे कळल्यावर पुस्तकातल्या पोरक्या मुलाकडे मी वेगळ्या नजरेनं बघू लागले.

म्हणूनच सांगते, मुलं वाचतात ती जादू, आणि आपल्याला दिसतो त्यामागचा संसार. हॅरीच्या मित्राची आई बघा. सात मुलं, नवरा सरकारी नोकरीत, पैशाची ओढाताण. धाकट्याच्या वाट्याला भावांचे जुने कपडे नि जुनी जादूची कांडी. तरी दर नाताळात ती प्रत्येक मुलासाठी हातानं स्वेटर विणते, आणि त्या वर्षी या परक्या पोरासाठीही हिरवा स्वेटर विणून पाठवते. मुलं तिथून पटकन पुढं जातात. मी आणि सासूबाई मात्र तिथं थांबलो. "एका स्वेटरला किती लोकर लागली असेल गं?" असं त्यांनी विचारलं, आणि आम्ही दोघी बराच वेळ त्या बाईच्या घरखर्चाचा हिशेब करत बसलो.

त्याच प्रकरणात एक आरसा येतो. माणसाच्या मनातली अगदी आतली इच्छा त्यात दिसते. हॅरीला त्यात आपले गेलेले आई-वडील दिसतात, आणि तो रोज रात्री उठून त्यांच्यापुढे जाऊन बसू लागतो. शेवटी शाळेचे वृद्ध मुख्याध्यापक त्याला समजावतात, की या आरशापुढे बसून माणसं झिजून गेली, जगायचं विसरून गेली. हॅरी त्यांना विचारतो, तुम्हांला यात काय दिसतं? ते म्हणतात, लोकरी पायमोजे.

धाकटी खदखदून हसली. वाचत होता थोरला. सासूबाई हळूच म्हणाल्या, "खोटं बोलतोय तो. त्याचंही कुणीतरी गेलंय."

थोरल्यानं पुढच्या ओळी वाचल्या. तर हॅरीलाही अंथरुणात पडल्यावर तीच शंका आली होती, की हे काही खरं उत्तर नव्हे! पोरानं पुस्तक खाली ठेवून आजीकडे असं पाहिलं, की जणू ती आजच त्याला दिसली. मग विचारलं, "आजी, तुला काय दिसलं असतं?"

सासूबाई म्हणाल्या, "पेपर वाचणारे तुझे आजोबा." आणि थोडं थांबून, "वाच पुढं."

मी स्वयंपाकघरात निघून गेले. हेही आले मागोमाग, पाणी प्यायला म्हणून. दोघंही काही बोललो नाही.

आता तुमच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. वेळ ठरवा आणि ती थोडीच ठेवा, वीस ते तीस मिनिटं पुरतात. 'आणखी वाच ना' असं म्हणत असतानाच पुस्तक मिटायचं. वाचणारा आळीपाळीनं बदला आणि चुका काढू नका, माझी फजिती लक्षात ठेवा. ऐकणाऱ्यांचे हात मोकळेच हवेत असं नाही. लसूण सोलणं, मेथी निवडणं, बटणं लावणं त्या वेळेला ठेवा. सोबतीनं काम हलकं होतं. नवऱ्याला आग्रह करू नका, दिव्याजवळची खुर्ची मात्र रिकामी ठेवा. पुस्तकं विकत घेणं परवडत नसेल तर वाचनालय आहे, नाहीतर शेजारणी-शेजारणींनी मिळून एकेक भाग घ्यावा.

एक सावधगिरीही हवी. ही सात पुस्तकं आहेत, शेवटचं 2007 मध्ये निघालं. पहिल्यात हॅरी अकरा वर्षांचा होतो, शेवटच्यात सतरा. त्याच्याबरोबर पुस्तकंही मोठी आणि काळोखी होत जातात, चौथ्यापासून मरणं अगदी समोर येतात. म्हणून लहान मुलांना सातही एका दमात देऊ नका. वर्षाला एक, वाढदिवसाला, असं ठेवलंत तर मूल आणि गोष्ट बरोबरीनं वाढतील. आणि जादूटोण्याच्या गोष्टींनी मुलं बिघडतील अशी धास्ती असेल, तर आठवा, आपणही वेताळपंचविशी ऐकूनच मोठ्या झालो ना?

पहिलं पुस्तक दिवाळीआधी संपलं. दुसरं थोरल्यानंच वाचनालयातून आणलं. आमचे हे अजून म्हणतात, "मी काही ऐकत नाही, इथं उजेड बरा आहे म्हणून बसतो." आणि मुख्याध्यापकांचं नाव कुणी चुकीचं घेतलं, की दुरुस्त मात्र तेच करतात!

सगळं गोडगोड झालं असं नाही. मामंजींची जागा रिकामी ती रिकामीच. कधीकधी सासूबाई मधेच उठून आत जातात, मग आम्ही पान तसंच ठेवून थांबतो. पण परवा दुसऱ्या पुस्तकात काही पानं झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "अक्षर फार बारीक आहे गं. त्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घे."

येत्या सोमवारी आम्ही जातोय. तुमच्या घरचा तो अर्धा तास कसा जातो ते पत्रानं नक्की कळवा हं!