जहराचा दक्कूस आणि आपला फ्रीजर



उन्हाळा लागला की आम्हाला दरवर्षी तेच फोन येतात. "अहो सिस्टर, बाल्कनीतल्या कुंड्यांना एवढे टमाटे लागलेत, काय करू त्यांचं?" कोणी म्हणते बरणीत भरून ठेवू का, कोणी म्हणते वाळवू का. आणि नातवंडे म्हणतात, "आजी, साल्सा कर!" दुकानातल्या बाटलीतला साल्सा त्यांना ठाऊक असतो. साल्सा हा स्पॅनिश शब्द, अर्थ नुसता सॉस. टमाटा, मिरची, कांदा, कोथिंबीर, लिंबू. म्हणजे आपल्या कोशिंबिरीची मेक्सिकोतली बहीणच म्हणा ना.

या वेळी मात्र आम्ही मेक्सिकोचा नाही, कुवेतमधल्या जहरा गावचा प्रकार सांगणार आहोत. त्याला तिथे दक्कूस म्हणतात. अरबीत दक्क म्हणजे कुटणे. टमाटा, लसूण, मिरची, मीठ. मचबूस नावाच्या मसालेभातावर तो वाढतात, मासळीबरोबरही खातात.

जहराशी आमचा संबंध काय, असे विचाराल. मुंबईला आम्ही नर्सिंग शिकत होतो तेव्हाची आमची एक मैत्रीण १९८३ साली नोकरीसाठी कुवेतला गेली आणि जहराच्या एका इस्पितळात लागली. आता ती निवृत्त होऊन नाशिकजवळ राहते. दर रविवारी आमचा फोन ठरलेला. गप्पा दुखण्यांच्या, नातवंडांच्या, आणि शेवटी स्वयंपाकाच्या. पुढची सगळी माहिती तिचीच, त्यात दवाखान्यातला आमचा अनुभव थोडा मिसळला आहे.

जहरा हे कुवेत शहराच्या पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर, खाडीच्या टोकाला. जुन्या काळी तिथे विहिरी होत्या, खजुराच्या बागा होत्या, भाजीपाला होई. तिथला मातीचा लाल किल्ला अजून उभा आहे. १० ऑक्टोबर १९२० रोजी तिथे मोठी लढाई झाली, आणि किल्ल्यात अडकलेल्या लोकांचे पाण्यावाचून फार हाल झाले. त्या मुलखात पाणी म्हणजे सोने. कुवेत शहराला तर गोडे पाणी एकेकाळी शत्त-अल-अरब नदीतून गलबतांनी यायचे. समुद्राचे पाणी गोडे करण्याचे कारखाने १९५० नंतर आले.

आपल्या मुंबईशीही कुवेतचे नाते जुने. तिकडून खजूर, घोडे आणि मोती यायचे, इकडून तांदूळ आणि मसाले जायचे. १९६१ पर्यंत कुवेतमध्ये रुपयाच चालत असे. म्हणून तिथल्या मसालेभाताचा वास आपल्याला परका वाटत नाही. इराकी लोक इथे जो पिवळा "अंबा" सँडविचवर घालतात, त्याचे नावही आपलेच, नाही का?

आता टमाट्याकडे वळू. इथे आपण रोपे मार्च-एप्रिलमध्ये लावतो आणि फळ उन्हाळ्यात घेतो. जहरात उलटे. जहरा प्रांतातल्या मित्रिबा या ठिकाणी २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदले गेले. जगातल्या सर्वांत जास्त नोंदींपैकी ती एक आहे. मुलांनो, टमाट्याच्या फुलाला दिवसा ३५ अंशांच्या वर गेले आणि रात्रही गरम राहिली की फळ धरवत नाही, फूल गळून पडते. म्हणून तिथे रोपे थंडीच्या तोंडावर लावायची आणि फळ जानेवारी ते एप्रिल घ्यायचे. त्याच प्रांतात इराकच्या सरहद्दीजवळ अब्दली नावाचा शेतीचा भाग आहे, तिथून पेट्याच्या पेट्या बाजारात येतात. मैत्रिणीने तर घरामागच्या चौकात डब्यांत रोपे लावली होती. भांडी विसळलेले पाणी त्यांना घालायची.

मार्चमध्ये टमाटे एवढे होत की शेजारी दार लावून घेत. आणि जूनमध्ये एकही नाही. नाशिककडे तरी वेगळे काय? २०२३च्या मे महिन्यात भाव एवढा पडला की शेतकऱ्यांनी टमाटे रस्त्यावर ओतले, आणि जुलैत तोच टमाटा शंभर रुपये किलोच्या वर गेला. ज्याला साठवण जमली त्याला दोन्ही महिने सारखे.

साठवण कशी, तर मैत्रिणीची रीत अशी :

पिकलेले घट्ट टमाटे ३ किलो, लसणाचे २ मोठे गड्डे, हिरव्या मिरच्या ८ ते १०, तेल ३ मोठे चमचे, जिरेपूड १ लहान चमचा, मीठ २ लहान चमचे, दोन लिंबांचा रस.

टमाट्याच्या बुडाला सुरीने फुली मारा. उकळत्या पाण्यात एक मिनिट सोडा, मग गार पाण्यात टाका. साल आपोआप सुटते. साल काढायचे काम मुलांना द्या, फार आवडते त्यांना. मग बारीक चिरा. तेलात ठेचलेला लसूण घाला, नुसता गुलाबी होऊ द्या, काळा करू नका, कडू होतो. मिरची, जिरेपूड, मग टमाटे आणि मीठ. झाकण न ठेवता मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटे. डावाने मधूनमधून दाबत राहा. पाणी आटून डावाला धरू लागले की लिंबू पिळा आणि उतरवा. कोथिंबीर आत्ता नाही, ती खायच्या वेळी ताजी. कच्चा साल्साही गोठवता येतो, पण सुटला की नुसते पाणी पाणी होते. शिजवलेला बरा.

मिरच्या चिरलेले हात डोळ्यांना लावू नका. आग झालीच तर हाताला आधी तेल चोळा, मग साबणाने धुवा. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, नुसत्या पाण्याने जात नाही.

आता दवाखान्यातली गोष्ट, जरा लक्ष देऊन वाचा. बरणीत भरून, वर तेल ओतून, हे फडताळात ठेवायचे नाही. आपल्या आया लोणची ठेवत, खरे आहे. पण त्या लोणच्यांत मीठ आणि आंबटपणा भरपूर असे. टमाट्याचा आंबटपणा सीमेवरचा असतो, त्यात लसूण, कांदा, मिरची पडली की तो आणखी कमी होतो. हवा नाही, आंबट पुरेसे नाही, खोली गरम, अशा ठिकाणी बोट्युलिझमचे जंतू वाढतात आणि विष करतात. वास येत नाही, चव बदलत नाही. बाधा झालेल्या माणसाच्या पापण्या मिटू लागतात, एकाचे दोन दिसतात, बोलताना जीभ जड होते, घास उतरत नाही. असे दिसले तर घरचे औषध करत बसू नका, थेट इस्पितळ गाठा आणि काय खाल्ले ते सांगा.

फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर हे जंतू मरत नाहीत, पण वाढूही शकत नाहीत. म्हणून आमचा सल्ला फ्रीजरचाच.

पातेले गरम ठेवून झोपी जायचे नाही. परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेले ठेवा, ढवळा, आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या. उन्हाळ्यात एका तासात. मग लहान डब्यांत भरा, एका डब्यात एका जेवणापुरते. वर बोटभर जागा मोकळी सोडा. का बरे, मुलांनो? पाण्याचे बर्फ होताना ते दहाव्या हिश्श्याएवढे फुगते. काठोकाठ भरला तर डबा फुटतो. डब्यावर नाव आणि तारीख लिहा. हे काम ज्यांचे अक्षर चांगले त्यांनी करावे. चार-सहा महिन्यांत संपवा. पुढे ते बाधत नाही, पण चव उतरते. काढताना आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर नको, आणि सुटल्यावर तीन-चार दिवसांत खाऊन टाका.

ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून खावे, टमाट्यात पोटॅशियम असते. रक्तदाब असेल तर मीठ अर्धे करा, लिंबू वाढवा. हे पारवे आहे, मासळीबरोबर, मटणाबरोबर, अंड्यावर, कशाबरोबरही चालते.

आता कोणी म्हणेल, फ्रीजर विजेवर, वीज गेली तर? बरोबर आहे. कुवेतसारख्या तेलाच्या देशातही २०२४च्या जूनमध्ये उष्म्यामुळे तासा-दोन तासांची वीजकपात करावी लागली. दार उघडले नाही तर भरलेला फ्रीजर साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. त्यासाठी ही युक्ती. एका पेल्यात पाणी गोठवा, बर्फावर एक नाणे ठेवा आणि पेला फ्रीजरमध्येच राहू द्या. गावाहून परत आलात आणि नाणे वरच असेल तर काळजी नाही. नाणे तळाला गेले असेल तर बर्फ वितळून पुन्हा गोठले आहे, सगळे टाकून द्या. जीव मोठा, दक्कूस नाही.

पण मैत्रिणीने आम्हाला या फ्रीजरची आणखी एक गोष्ट सांगितली. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा अब्दलीच्या रस्त्याने जहराकडे उतरल्या. मैत्रीण रात्रपाळी करून परत येत होती. पुढच्या दिवसांत दुकाने रिकामी झाली. तिच्या फ्रीजरमध्ये मार्चचे चौदा डबे होते. वीज चालू होती. गल्लीतल्या सहा घरांनी ते डबे वाटून खाल्ले, त्यांत कुवेती होते, मिसरी होते, केरळच्या दोन नर्स होत्या. खुबूस आणि दक्कूस, नाहीतर भात आणि दक्कूस. सप्टेंबरमध्ये ती बसरा, बगदाद करत अम्मानला पोचली आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. त्या वेळी सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना असे परत आणले होते. निघताना उरलेले तीन डबे आणि घराची किल्ली तिने शेजारच्या कुवेती बाईंच्या हातात दिली.

१९९२ साली ती पुन्हा कामावर गेली. घरात काही राहिले नव्हते, फ्रीजरसुद्धा नाही. शेजारच्या बाई मात्र होत्या. त्यांनी तिचे तीन डबे आणून दिले, घासून पुसून, खजूर भरून. डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही रीत तिथेही आहे.

आम्ही तिला विचारले, "एवढे सगळे गेले, वाईट नाही वाटले?" ती म्हणाली, "टीव्ही गेला, शिवणयंत्र गेले, त्याचे वाटले. चौदा डबे मी जपून एकटीने खाल्ले असते तर त्याचेही वाटले असते."

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळ जण आता एकटे राहतात. फ्रीजर उघडून बघा. तारीख नसलेले गोळे, कोणासाठी तरी ठेवलेले, कोणी न आलेले. मुले येतील तेव्हा काढू म्हणतो आणि मुले सणाला येतात, बाहेरचे खाऊन जातात. आमचे म्हणणे एवढेच की सहा डबे केलेत तर तीनच ठेवा. एक जिन्यातल्या शेजारणीला, एक आजारी असलेल्या कोणाला, एक नातवंडाच्या हातात घरी न्यायला. डब्यावर तारखेबरोबर रीतही चिठ्ठीवर लिहा, मराठीत लिहा, येत असेल तर खाली हिब्रूत. आपल्यामागे डबा राहणार नाही, चिठ्ठी राहील.

आणि मुलांनो, तुमच्या घरी आजीने दक्कूस केला तर तो चाखून आम्हाला कळवा, तिखट झाला का ते. डबा परत देताना काय भरून दिलेत, तेही लिहा.