सोन्याचं मांजर

मांजर विकत मिळतं, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की मांजर हे असतं. जसा पाऊस असतो, माळ्यावर गळका हंडा असतो, तसं घरात मांजर असतं. पानशेतच्या पुरानंतर, म्हणजे १९६१ नंतर, आम्ही सदाशिव पेठेतल्या ज्या वाड्यात राहायला गेलो, तिथं सहा बिऱ्हाडं आणि एक मांजर होतं. ते कुणी आणलं, असं कुणी कधी विचारलं नाही. उलट त्या मांजराला विचारलं असतं तर त्यानंच सहाही बिऱ्हाडं कुठून आली याचा तपशील दिला असता.

मागच्या वर्षी आमच्या नातीनं, वय वर्षे सात, जेवताना जाहीर केलं, ''मला मनीमाऊ हवी.'' आमच्या वेळी यावर ''आधी पानातलं संपव'' एवढंच उत्तर मिळालं असतं. पण हल्ली मुलांच्या मागण्यांवर विचार करायची पद्धत आहे. चिरंजिवांनी रविवारी सकाळी कुटुंबाची सभाच भरवली.

''बाबा, घरात प्राणी असला की मुलांना जबाबदारी कळते,'' चिरंजीव म्हणाले.

''१९९१ साली तुला मासे आणून दिले होते. आठवतं?''

''हो!''

''टाकीचं पाणी कोण बदलायचं?''

चिरंजीव थोडे घुटमळले. ''आई.''

''मग जबाबदारी कोणाला कळली?''

आमच्या हिनं कोपऱ्यातून असं काही पाहिलं, की चौतीस वर्षांची थकबाकी त्या एका नजरेत वसूल झाली. तरी सभेत ठराव मंजूर झालाच. मुलीसाठी मांजर आणायचं.

सूनबाईंनी फोनवर बोट फिरवून दुकान शोधून काढलं. मी बरोबर गेलो. काचेच्या कपाटात पिल्लं ठेवली होती, मिठाईच्या दुकानात बर्फी ठेवतात तशी. किमतीची चिठ्ठीही तशीच. एक पांढरं, फुगीर, चपट्या नाकाचं पिल्लू आमच्याकडे असं बघत होतं की जणू आम्ही त्याच्याकडे देणगी मागायला आलोय.

''पर्शियन आहे, काका,'' दुकानदार म्हणाला.

पुणेकराला इराणी म्हटलं की चहा आणि बनमस्का आठवतो. इराणी मांजर मी प्रथमच पाहत होतो. किंमत विचारली. पंचवीस हजार. मी १९७९ साली नोकरीला लागलो तेव्हा पगार चारशेवीस होता (आकड्याला माझा इलाज नव्हता). म्हणजे माझ्या पाच वर्षांच्या पगारात एक मांजर आलं असतं, आणि आम्हा दोघांना उपाशी राहून त्याच्याकडे बघत बसावं लागलं असतं.

''वय काय याचं?''

''पाच आठवडे, काका. एकदम फ्रेश.''

त्या 'फ्रेश'नं माझं डोकं फिरलं. मेथीची जुडी फ्रेश असते, पिल्लू नव्हे! मंडळी, मांजराचं पिल्लू जन्मतं ते डोळे मिटून. आठदहा दिवसांनी डोळे उघडतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास ते आईच्या दुधाखेरीज दुसऱ्या कशाला तोंड लावायला लागतं. निदान आठ आठवडे तरी त्यानं आई आणि भावंडांजवळ राहावं, असं प्राण्यांचे डॉक्टर सांगतात. भावंडांशी मारामारी करतानाच त्याला कळतं, की चावावं किती आणि थांबावं कुठे. हे शिक्षण अर्धवट राहिलेले काही सभासद मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत दरवर्षी पाहतो. पाचव्या आठवड्यात पिल्लू उचलून काचेत ठेवायचं आणि पुढे ते मुलीला ओरबाडायला लागलं की 'मांजराची जातच बेइमान' म्हणायचं, याला काय म्हणावं?

आणि ते चपटं नाक! ते नाक माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करकरून चपटं केलंय. का, तर दिसायला गोड! त्यापायी अशा पुष्कळ मांजरांना श्वास घ्यायला त्रास होतो, डोळ्यांतून सारखं पाणी वाहतं. आपल्या हौसेसाठी ज्याला जन्मभर रडायला लावलं, ते मांजर मुलीला दाखवून आपण तिला प्राण्यांवर प्रेम करायला शिकवणार! मी सूनबाईंना म्हटलं, ''चला.'' नात रडली. मी आइस्क्रीम दिलं. ते मात्र खरंच फ्रेश होतं.

इथं मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय माझा हा त्रागा कुणाला कळायचा नाही.

वाड्यातल्या त्या मांजरीचं नाव ठकी. १९६६ साली ती वर्षात तिसऱ्यांदा व्याली. आमच्या पलंगाखाली, आईच्या धुतलेल्या लुगड्यावर. मांजर मारणं म्हणजे महापाप. मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं आपल्याकडे म्हणतात. सोनं कुणाला परवडणार? म्हणून आपल्या लोकांनी पापाला एक पळवाट काढली. मारायचं नाही, सोडायचं. पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं आणि पाणी ओलांडून पलीकडे सोडून यायचं. पाण्यापलीकडून मांजर परत येत नाही म्हणे.

माझे वडील वाईट नव्हते. मुंगीच्या रांगेवर पाय पडू नये म्हणून ते अंगण वळसा घालून ओलांडायचे. एका संध्याकाळी त्यांनी ठकीला आणि तिच्या चार पिल्लांना पोत्यात घातलं आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलं. मी नऊ वर्षांचा होतो. पोतं पडू नये म्हणून मला मागून धरायला घेतलं. लकडी पुलापर्यंत पोतं ओरडत होतं. पुलावर गप्प झालं. पलीकडे एका बोळात त्यांनी दोरी सोडली आणि मला म्हणाले, ''इकडे हॉटेलं आहेत. तिची सोय होईल.''

त्या रात्री ते जेवले नाहीत. मी महिनाभर शाळा सुटली की पुलापलीकडे जाऊन 'ठके, ठके' अशा हाका मारत फिरायचो. ती दिसली नाही. पण घरातला प्राणी अडचणीचा झाला की काय करायचं असतं, ते मी वयाच्या नवव्या वर्षी पक्कं शिकलो. जबाबदारीचा धडा म्हणतात तो हाच!

म्हणून माझं म्हणणं असं, की मुलासाठी मांजर आणू नये. मूल मांजराकडून जबाबदारी शिकतच नाही. ते आपल्याकडे बघत असतं. पिल्लाचं कौतुक ओसरल्यावर, त्यानं सोफा फाडल्यावर, गादीवर शू केल्यावर, आपल्या बदलीच्या वेळी आपण त्या जिवाचं काय करतो, तेवढंच ते शिकतं. तेव्हा मांजर आणायचं तर घरातल्या कर्त्या माणसानं स्वतःच्या जबाबदारीवर आणावं. मुलानं त्याच्याशी खेळावं. वाढदिवसाला फुगे आणावेत, सायकल आणावी, पिल्लू आणू नये. फुगा दुसऱ्या दिवशी सुरकुततो आणि कुणाचं काही बिघडत नाही.

हे भाषण मी घरी केलं. नात म्हणाली, ''म्हणजे आणायचं की नाही?'' मुद्द्याला धरून बोलणारं आमच्या घरात तेवढं एकच माणूस आहे.

त्याचं उत्तर आमच्याच इमारतीत होतं. एक करड्या पट्ट्यांची गावठी मांजरी पार्किंगमध्ये व्याली होती. मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं म्हणतात. पुण्यात एक घर मिळवता मिळवता माणसाचं आयुष्य जातं, पण या बाईनं पार्किंग, पंपाची खोली असं करत करत आठवड्यात आमच्या जिन्याखाली, मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात बिऱ्हाड थाटलं. पिल्लं तीन. नात शाळेतून आली की जिन्याखाली उकिडवी बसून लांबून बघायची.

चौथ्या दिवशी सेक्रेटरी आले, मागे वॉचमन. वॉचमनच्या हातात पोतं.

वाचकहो, मी आयुष्यात सेक्रेटरींपुढे आवाज चढवलेला नाही. पाणी तीन दिवस आलं नाही तेव्हाही मी अर्जच लिहिला होता. पण ते पोतं पाहिलं आणि माझा आवाज आपोआप चढला.

''पोतं कशाला?''

''नदीपलीकडे सोडायला सांगितलंय. तिकडे हॉटेलं आहेत, आजोबा. सोय होईल.''

साठ वर्षं होत आली, पण वाक्य बदललं नव्हतं! मी वॉचमनच्या हातून पोतं काढून घेतलं. त्यानं ते इतक्या चटकन सोडलं की त्यालाही ते नको होतं, हे मला कळलं. सेक्रेटरींना मी सांगितलं, की प्राणी उपाशी-तहानेला मरेल असा टाकून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. ''दंड किती?'' त्यांनी विचारलं. माणूस हिशेबी. त्या कायद्यानं पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये ठरवले होते. काशीच्या सोन्यापेक्षा दिल्लीचा कायदा पुष्कळच स्वस्त! तो आकडा मी सांगितला नाही. त्याऐवजी सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, हे केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं म्हणणं ऐकवलं. नात माझा सदरा धरून मागे उभी होती आणि सगळं बघत होती.

मग आम्ही थांबलो. आठ आठवडे पुरे होईपर्यंत पिल्लं आईपाशीच राहिली. सातव्या वर्षी आठ आठवडे थांबणं म्हणजे काय, ते माझ्या नातीला विचारा. रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक फुली मारत होती, गॅसचा सिलिंडर संपायची वाट बघितल्यासारखी.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत आमचं पिढीजात ज्ञान मोडीत काढलं. गाईचं दूध द्यायचं नाही. आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही, पोट बिघडतं. म्हणजे डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची सगळी बदनामी फुकटच म्हणायची. माणसाची तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. फुलदाणीत लिली नको. कांदा-लसूण तर मुळीच नको. हे ऐकून आमच्या हिला भरून आलं. ''म्हणजे चातुर्मास पाळतं हो!'' ती म्हणाली. पण मांसाहाराखेरीज मांजर नीट जगत नाही, हे पुढचं वाक्य ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. कोंबडी चालणारा चातुर्मास तिनं पाहिला नव्हता.

आमच्या घरात चाळीस वर्षांत अंडं आलेलं नाही. आज गॅलरीत वेगळी शेगडी आहे, वेगळं पातेलं आहे, आणि तोंडाला पदर लावून बिनमिठाची कोंबडी शिजवणारी आमची ही आहे. ''मी काही तुमच्या मांजरासाठी करत नाही,'' ती म्हणते. कोणासाठी करते ते सांगत नाही.

लशी झाल्या, रेबीजचीसुद्धा. सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. जिन्याखालच्या आईचीही आम्ही वर्गणी काढून करवली. मांजरीला साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं होतात आणि वर्षात दोनतीनदा होऊ शकतात. पोतं थांबवायचं तर सुरुवात इथून करायला हवी. माझ्या वडिलांपुढे हा मार्ग नव्हता, म्हणून मी त्यांना माफ करतो. आज ज्यांच्यापुढे आहे, ज्यांच्या फोनमध्ये डॉक्टरचा नंबर आणि खिशात फीचे पैसे आहेत, आणि तरी जे रात्रीचे मंडईपाशी खोकं ठेवून गाडी पळवतात, त्यांना माफ करायचं कारण मला दिसत नाही. पंचवीस हजारांचं मांजर घ्यायला माझी ना नाही म्हणणारे लोकच गावठी मांजरीच्या शस्त्रक्रियेची वर्गणी मागितली की सुट्टे पैसे शोधायला लागतात!

तीन पिल्लांतलं एक तिसऱ्या मजल्यावर गेलं, एक आमच्याकडे आलं. एक कुणी नेलं नाही. ते आईबरोबर जिन्याखालीच आहे. सेक्रेटरींनी इतिवृत्तात त्याची नोंद 'मूषक-नियंत्रण व्यवस्था' अशी केली आहे. खर्च शून्य असल्यामुळे त्याला विरोध झाला नाही.

आमच्या माऊला नाक आहे, सरळ. ते जप्त केलेलं पोतं हिनं कापून त्याचं पायपुसणं केलं. माऊ त्यावरच झोपते.

परवा नात तिचं पाणी बदलत होती. (रोज बदलत नाही. ज्या दिवशी विसरते त्या दिवशी चिरंजीव बदलतात. एवढी प्रगती आहे.) मध्येच तिनं विचारलं, ''आबा, मांजर किती वर्षं जगतं?''

''नीट सांभाळलं तर पंधरा वर्षं.''

तिनं बोटांवर हिशेब केला. ''तेव्हा मी बावीस. आणि तुम्ही?''

''त्र्याऐंशी.''

''मग तेव्हा माऊला कोण बघणार? आणि तुम्हाला?''

मी चिरंजिवांकडे बोट दाखवलं. ते पेपरात तोंड घालून बसले होते.

''बाबा, बघणार ना?'' नातीनं विचारलं.

''हो, हो, बघणार,'' ते पेपरातूनच म्हणाले.

त्यांचा शब्द खरा आहे, माझा मुलावर विश्वास आहे. तरी झोपायच्या आधी घरात दुसरं रिकामं पोतं नाही ना, एवढं मी एकदा बघून घेतलं.