सिंगापूर करायचंय? मग आधी घरांचं बोला

नगरपालिकेची निवडणूक जवळ आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "आपल्या शहराचं सिंगापूर करू." पूर्वी हा मान शांघायला होता. २००४ च्या आसपास मुंबईचं शांघाय होणार होतं, आठवत असेल. त्याचं पुढे काय झालं ते सकाळच्या लोकलला लोंबकळणाऱ्यांना विचारा.

सिंगापूर म्हटलं की आपल्या मंडळींना आठवतो तो विमानतळावरचा धबधबा आणि छतावर जहाज ठेवलेलं ते हॉटेल. अभ्यास दौऱ्यावर गेलेल्यांच्या स्टेटसवर तेच असतं. पण हे सगळं अलीकडचं. मुळात त्या शहराने काय केलं, हे बघायचं असेल तर शेजारी हाँगकाँग ठेवून बघावं लागतं.

दोन्ही एकेकाळच्या ब्रिटिश वसाहती. दोन्ही बंदरं, दोन्हीकडे जागेची टंचाई, दोन्हीकडे कर कमी आणि धंद्याला मोकळीक. स्वित्झर्लंडची आयएमडी ही संस्था दरवर्षी देशांच्या आर्थिक स्पर्धात्मकतेची यादी काढते. २०२५ च्या यादीत सिंगापूर दुसरं आणि हाँगकाँग तिसरं. म्हणजे कागदावर दोघं सख्खे भाऊ.

आता राहणाऱ्याच्या बाजूने बघा. हाँगकाँगमध्ये दोन लाखांवर माणसं अशा खोल्यांत राहतात, जिथे एका फ्लॅटमध्ये पार्टिशन घालून चार-पाच बिऱ्हाडं कोंबलेली असतात. काही ठिकाणी शेगडी आणि संडास एकमेकांना चिकटून. सरकारी घरं तिथेही आहेत आणि लाखो लोक त्यांत राहतात, पण भाड्याच्या सरकारी घरासाठी सरासरी पाचेक वर्षं थांबावं लागतं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत शहरांपैकी एकाची ही गोष्ट आहे बरं.

असं का झालं? तिथे जवळपास सगळी जमीन सरकारच्या मालकीची. सरकार ती लिलावाने भाडेपट्ट्यावर देतं. कंपन्यांवर नफ्याचा कर साडेसोळा टक्के, विक्रीकर नाहीच. मग तिजोरी भरायला जमिनीचा मोठा आधार. जमीन थोडी थोडी सोडायची, भाव चढता ठेवायचा. बाहेरून 'कर कमी' दिसतं, पण तो कर सामान्य माणूस घरभाड्यातून भरतो.

सिंगापूरने १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ काढलं. पुढच्याच वर्षी बुकिट हो स्वी नावाच्या झोपडवस्तीला आग लागली आणि सोळा हजारांच्या आसपास लोक उघड्यावर आले. मंडळाने त्याच जागी इमारती उभ्या केल्या आणि बहुतेकांना वर्षभरात घरं दिली. पहिल्या पाच वर्षांत पन्नास हजारांवर घरं बांधली. १९६८ पासून लोकांना स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीतून घराचे हप्ते भरता येऊ लागले. आज तिथल्या दर दहा रहिवाशांतले जवळपास आठ याच मंडळाच्या घरात राहतात. शाळा, बाजार, बसस्थानक वसाहतीतच.

हे सगळं गोड नव्हतं. १९६६ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी स्वस्तात घेतल्या, मूळ मालकांवर अन्याय झाला. घर मिळतं तेही ९९ वर्षांच्या पट्ट्यावर. आणि बाहेरून आलेले बांधकाम मजूर दाटीवाटीच्या वसतिगृहांत ठेवतात, तिथे २०२० मध्ये कोरोना कसा पसरला ते जगाने पाहिलं. त्यामुळे आरती ओवाळायची गरज नाही. पण एक हिशेब त्यांना बरोबर कळला होता. कामगाराचा अर्धा पगार भाड्यात गेला तर एकतर मालकाला पगार वाढवावा लागतो, नाहीतर माणूस टिकत नाही. परवडणारं घर हीच कारखान्याला दिलेली सवलत.

आपल्या एमआयडीसीत काय चाललंय? पोरं वीस-पंचवीस किलोमीटरवरून मोटारसायकलवर येतात, नाहीतर एका खोलीत सहा जण राहतात. उद्योग येत नाहीत म्हणून आपण भाषणं करतो आणि आलेल्या उद्योगातला माणूस राहणार कुठे, हा विषयच निघत नाही.

हातगाड्यांचंही तेच. सिंगापूरच्या रस्त्यांवर हजारो फेरीवाले होते. साठच्या दशकाच्या शेवटी त्यांची नोंदणी सुरू केली आणि पुढची पंधराएक वर्षं नळ, गटार, छप्पर असलेली केंद्रं बांधून त्यांना तिथे हलवलं. आधी जागा बांधली, मग गाड्या उचलल्या. त्या खाऊ-केंद्रांची संस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. आपल्याकडेही २०१४ पासून पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण करा, फेरीवाला क्षेत्रं ठरवा, समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी घ्या, सगळं त्यात लिहिलंय. आणि आपण काय करतो? मंत्री येणार म्हटलं की जेसीबी. मंत्री गेले की चौथ्या दिवशी वडापावची गाडी परत तिथेच.

गंमत म्हणजे आपला नगररचना कायदाही १९६६ चाच. त्यानुसार विकास आराखड्यात मैदान, शाळा, मंडई यांसाठी जागा आरक्षित होतात. पण दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देतो, आणि मुदतीत पालिका हलली नाही तर आरक्षण सुटतं. गेली वीस वर्षं पालिकेच्या सभांचं वार्तांकन करताना मी एवढंच पाहत आलोय. "निधी नाही" हे उत्तर तयारच असतं. जकात केव्हाच गेली, घरपट्टी वाढवायची कुणाची छाती होत नाही. राहतं काय? बांधकाम परवानग्यांचं विकास शुल्क. म्हणजे जितकं प्लॉटिंग, तितकी तिजोरी भरणार. नाव सिंगापूरचं घेतो आणि वाट हाँगकाँगची धरतो आपण. तीही बंदर आणि बँका नसताना.

तेव्हा यंदा दारात येईल त्या उमेदवाराला, पक्ष कुठलाही असो, सिंगापूरबद्दल विचारू नका. आराखड्याचा नकाशा पालिकेत असतो, तो सार्वजनिक कागद आहे. आपल्या प्रभागात कोणत्या सर्व्हे नंबरवर मैदानाचं, मंडईचं, गरिबांच्या घरांचं आरक्षण होतं आणि आज तिथे काय उभं आहे, एवढं विचारा. मीही सगळ्या उमेदवारांना हाच प्रश्न पाठवतोय. जी उत्तरं येतील ती नावासकट इथे टाकतो. न आलेलीसुद्धा.