कर घटला, गाडी स्वस्त झाली. पण ड्रायव्हरने गुडघे ठेवायचे कुठे?

गेल्या दिवाळीत ताईची पहिली गाडी घ्यायला आम्ही दोघं पुण्यातली शोरूम्स पालथी घालत होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला होता. त्याआधी २८ टक्के कर आणि वर सेस, म्हणजे छोट्या पेट्रोल गाडीला २९ आणि डिझेलला ३१ टक्के पडायचे. त्यामुळे शोरूममध्ये ही गर्दी! ताई सासवडला राहते, शाळा हडपसरला. रोज दिवे घाट चढायचा आणि उतरायचा. तिची उंची पाच फूट, माझी पाच फूट अकरा इंच. गाडी तिची असली तरी लांबच्या प्रवासाला मीच चालवणार, हे घरात आधीच ठरलेलं.

बजेटात बसणाऱ्या व्हेरिअंटमध्ये ताई आधी बसली. क्लच पूर्ण दाबता यावा म्हणून तिने सीट जवळजवळ शेवटपर्यंत पुढे ओढली. मग म्हणाली, "अरे, मला बॉनेट दिसतच नाहीये. आणि हे स्टिअरिंग बघ, पोटाला लागतंय." नंतर मी बसलो. गुडघे स्टिअरिंगच्या खाली अडकले म्हणून सीट मागे घेतली, तर हात पुरेनात. पाठ सोडून पुढे वाकल्याशिवाय स्टिअरिंग नीट धरताच येईना. सेल्समनने अगदी प्रेमाने सांगितलं, "सर, सीट हाइट ॲडजस्ट वरच्या व्हेरिअंटला आहे. त्यात टचस्क्रीनपण मोठा मिळतो."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. सीट वर-खाली करणं आणि मोठा टचस्क्रीन या दोन गोष्टी एकाच यादीत कशा काय? आज त्याबद्दलच बोलू.

कायदा गाडीचं काय मोजतो?

आपल्याकडे "छोटी गाडी" कशाला म्हणायचं हे इंजिनिअरने नाही, कराने ठरवलं. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के केलं गेलं. अट अशी, की लांबी ४ मीटरच्या आत हवी आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसी, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. जीएसटी आला, आता त्याचे दर बदलले, पण ही चौकट तशीच आहे. यात बसलात तर १८ टक्के, नाही बसलात तर ४० टक्के.

एवढा फरक असल्यावर कंपन्या मिलिमीटर मोजणारच. २००८ मध्ये इंडिगो सीएस ही डिकीवाली गाडी ४ मीटरच्या आत बसवली गेली. २०१२ मध्ये डिझायर कापून ३९९५ मिलिमीटरवर आणली. हे आकडे योगायोगाने आलेले नाहीत.

गंमत म्हणजे आपल्या करात रुंदीचं बंधन नाही. जपानमध्ये 'के' वर्गाच्या छोट्या गाड्यांना लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि उंची २ मीटर अशी तिन्ही बाजूंनी मर्यादा आहे. आपल्याकडे सुमारे १४९० मिलिमीटर रुंद अल्टो के-१० आणि सुमारे १८०० मिलिमीटर रुंद नेक्सॉन (छोट्या इंजिनची) या दोन्ही कराच्या नजरेत छोट्याच. आत बसल्यावर मात्र कोपराला आणि खांद्याला जागेचा फरक कळतो.

थोडक्यात, कायदा लांबी मोजतो, सीसी मोजतो. ड्रायव्हर बसतो कसा, हे कुणीच मोजत नाही.

लांबी वाचवायची तर माणूस कसा बसवायचा?

गाडीचं डिझाईन सुरू होतं एका बिंदूपासून. मांडीचं हाड खुब्याला जिथे जोडलेलं असतं त्याला 'एच-पॉइंट' म्हणतात. एच म्हणजे हिप. हा बिंदू जमिनीपासून आणि पेडलपासून किती अंतरावर आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

पाटावर बसून पाय समोर पसरा, किती जागा लागते बघा. आता खुर्चीत बसा. पाय खाली सोडले की तेवढ्याच माणसाला कितीतरी कमी लांबी पुरते. 'टॉलबॉय' गाड्यांमागचं तत्त्व हेच. आपल्याकडे १९९८ मध्ये सॅन्ट्रो आणि १९९९ च्या शेवटी वॅगन आर आली, तेव्हा लोक त्यांच्या उंच आकाराला हसले होते. पण आत बसल्यावर कळलं, की चढायला-उतरायला सोपं आणि गुडघ्यांना मोकळं. ज्येष्ठांना तर ही गाडी फारच मानवली.

पण फुकट काही मिळत नाही. माणूस उंच आणि ताठ बसला की पेडल समोर न राहता खाली जातात. स्टिअरिंग बसच्या स्टिअरिंगसारखं थोडं आडवं होतं. आणि सीटची बैठक आखूड असेल तर मांडीचा पुढचा भाग अधांतरी राहतो. तासाभराने मांड्या भरून येतात त्या यामुळे.

बैठक आखूड का असते? माझा अंदाज सरळ आहे. आपण गाडी बघायला गेलो की आधी मागच्या सीटवर बसून "पाय मोकळे राहतात का" ते बघतो. चार मीटरच्या आत डिकी हवी, मागे ऐसपैस जागा हवी, मग काटकसर पुढच्या सीटवर होते. पाठ पातळ, बैठक आखूड. यात दोष फक्त कंपन्यांचा नाही, आपल्या सवयीचाही आहे.

पाय डावीकडे, कंबर समोर

दुसरी अडचण चाकाची. छोट्या गाडीत पुढचं चाक ड्रायव्हरच्या पायांना अगदी लागून असतं. आपलं स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे चाकावरचा फुगवटा नेमका उजव्या पायाच्या जागेत घुसतो. मग ॲक्सिलरेटर थोडा डावीकडे सरकवावा लागतो, त्याच्या पाठोपाठ ब्रेक आणि क्लचही सरकतात. क्लचच्या डावीकडे गाडीचा मधला उंचवटा असतोच. त्यामुळे डाव्या पायाला टेकायला जागा उरत नाही.

परिणाम काय? कंबर समोर आणि पाय किंचित डावीकडे. दहा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये हे जाणवत नाही. पुणे-कोल्हापूर करून आल्यावर कमरेची एकच बाजू का दुखते, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

त्यात भर रस्त्याची. बसलेल्या माणसाचं शरीर साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सर्वात जास्त प्रतिसाद देतं. खराब रस्त्यावर गाडीच्या सीटमधून येणारे हादरे बरेचसे याच पट्ट्यातले असतात. पाठीला नीट आधार नसेल तर ते मणके आणि त्यांच्या भोवतीच्या स्नायूंनाच झेलावे लागतात. आपण आठवड्यातून एकदा लांब जातो. कॅब चालवणारे रोज दहा-बारा तास याच सीटवर असतात. त्यांच्या सीटवर मण्यांचं कव्हर आणि पाठीमागे गुंडाळलेला टॉवेल दिसतो ना? ती फॅशन नाही. जो आधार सीटने द्यायला हवा होता, तो त्यांनी स्वतःच्या अकलेने तयार केलाय.

एका खटक्याअभावी दोघांचे हाल

आता ताईकडे परत येऊ. स्टिअरिंग दोन प्रकारे हलतं. वर-खाली होतं त्याला टिल्ट म्हणतात, पुढे-मागे होतं त्याला टेलिस्कोपिक. बहुतेक छोट्या गाड्यांत फक्त टिल्ट मिळतं, अगदी स्वस्त व्हेरिअंटमध्ये कधीकधी तेही नाही.

टेलिस्कोपिक नसलं की पायांच्या मापाने सीट लावावी लागते आणि हातांनी निमूट जुळवून घ्यायचं. उंच माणूस सीट मागे घेतो, स्टिअरिंग लांब जातं, पाठ सुटते. बुटकी व्यक्ती क्लचसाठी पुढे सरकते, स्टिअरिंग छातीशी येतं. सोय एकच गायब आहे, पण तिचा त्रास दोन्ही टोकांच्या माणसांना. फरक एवढाच, की माझी फक्त कंबर दुखते आणि ताईचा जीव धोक्यात येतो.

हे वाढवून सांगत नाहीये. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत प्रचंड वेगाने फुगते. म्हणून अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था एनएचटीएसए सांगते, की छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान १० इंच, म्हणजे २५ सेंटीमीटर अंतर हवं. ताईचं अंतर मी शोरूममध्ये वितीने मोजलं. एक वीतही भरली नाही. माझी वीत नऊ इंचांची आहे.

आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग २०१९ पासून सक्तीची आहे. चांगलंच झालं. पण त्या एअरबॅगपासून योग्य अंतरावर बसता यावं यासाठी लागणारी सोय मात्र "वरच्या व्हेरिअंटला". माझा सगळा आक्षेप या एका ठिकाणी आहे. सीटची उंची आणि स्टिअरिंगचं अंतर या चैनीच्या वस्तू नाहीत. सीटबेल्टच्याच रांगेत बसणाऱ्या गोष्टी आहेत त्या.

मग क्रॅश टेस्टमध्ये हे दिसत नाही का? ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनसीएपीच्या समोरून धडक देण्याच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटरने आदळवतात. पुढच्या सीटवरचा पुतळा सरासरी पुरुषाच्या मापाचा असतो, उंची साधारण १७५ सेंटीमीटर. हे माप मुळात अमेरिकी पुरुषाचं. भारतीय पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटीमीटरच्या आसपास, बाईची त्याहून दहा-बारा सेंटीमीटर कमी. म्हणजे पाच तारे मिळाले तरी ते सीट पुढे ओढून बसलेल्या ताईसारखीला तपासून मिळालेले नसतात. युरोपच्या एनसीएपीने २०१५ मध्येच समोरच्या धडकेच्या एका चाचणीत लहान चणीच्या स्त्रीचा पुतळा ड्रायव्हरच्या सीटवर बसवला. आपल्याकडे तर त्याची गरज जास्त आहे.

कंपन्यांची बाजूही आहे. टेलिस्कोपिक स्टिअरिंगचा खर्च वाढतो, धडकेत त्याचं वागणं पुन्हा तपासावं लागतं, आणि चार-पाच लाखांच्या गाडीत प्रत्येक हजार रुपयांचा हिशोब असतो. मान्य. पण सीट वर-खाली करणारा हातातला खटका काही रॉकेट सायन्स नाही. कर दहा-बारा टक्क्यांनी उतरलाय. निदान हा खटका तरी सगळ्या व्हेरिअंटमध्ये द्यायला आता कारण उरत नाही. सरकारने तो एअरबॅगसोबत सक्तीचा केला, तर आणखी चांगलं.

तोवर शोरूममध्ये काय तपासाल?

१. जे व्हेरिअंट घेणार आहात त्यातच बसा. डिस्प्लेला ठेवलेलं टॉप मॉडेल तुम्हाला फसवेल.

२. कंबर पूर्ण मागे टेकवा. क्लच शेवटपर्यंत दाबा. गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे.

३. खांदे सीटला टेकवून हात सरळ करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं तर अंतर बरोबर. बोटंच पोचली तर लांब, कोपर खूप वाकलं तर जवळ.

४. छाती ते स्टिअरिंगचा मध्य हे अंतर टेपने मोजा. २५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर पाठ थोडी कलती करून बघा. तरीही जमत नसेल तर ती गाडी तुमच्या मापाची नाही.

५. डोळे मिटून उजवा पाय सहज खाली टेकवा. तो ब्रेकवर पडला की ॲक्सिलरेटरवर, ते बघा. डाव्या पायाला क्लचशेजारी जागा आहे का, तेही बघा.

६. गुडघ्यामागे आणि सीटच्या कडेत दोन-तीन बोटांचं अंतर हवं. हातभर मांडी बाहेर राहत असेल तर बैठक आखूड आहे.

७. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाच्या जवळपास यायला हवी. मानेला टेकणारी उशी म्हणजे हेडरेस्ट नव्हे.

८. घरात जे जे गाडी चालवणार, त्या सगळ्यांना बसवून बघा. आणि टेस्ट ड्राइव्ह किमान अर्ध्या तासाची मागा.

गाडी आधीच घेतली असेल तर मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा, कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी लावा, दीड-दोन तासांनी उतरून चाला. उंचीसाठी खाली जाड मऊ उशी घेण्याचा उपाय मात्र टाळा. जोरात ब्रेक लागला की ती सरकते, आणि कमरेचा पट्टा हाडावरून पोटावर चढतो. सीटमध्येच एअरबॅग असेल तर बाजूने झाकणारं जाड कव्हरही नको.

ताईने शेवटी सीट वर-खाली होणारं वरचं व्हेरिअंट घेतलं, आणि त्यासाठी बजेट ओढून ताणून वाढवलं. टचस्क्रीन ती जवळजवळ वापरतच नाही. आता बॉनेट दिसतं आणि अंतर २७ सेंटीमीटर भरतं. मी चालवायला बसलो की अजूनही हात लांबवतो, पण ते चालेल. रोज घाट तिला चढायचा आहे.