लेपाचा डोळा

रत्नागिरीकडील एका भगिनीचे पत्र आले आहे. सुनेला पाचवा महिना लागला आहे. तिला लेप फार आवडतो, पण घरातल्या जाणत्या बायका तो तिच्या ताटात पडू देत नाहीत. ‘दोन्ही डोळे एकाच अंगाला, तोंड वाकडे; पोटातल्या बाळाचेही तसेच होईल,’ असे त्यांचे म्हणणे. काय करावे?

आधी लेपाची हकीकत ऐका. अंड्यातून निघालेले त्याचे पिल्लू इतर माशांसारखेच असते. एक डोळा उजवीकडे, एक डावीकडे, आणि पोहणेही सरळ. पुढे वाढताना उजवा डोळा सरकत सरकत डाव्या अंगाला येतो आणि मासा तळाच्या वाळूत, चिखलात आडवा पडून राहू लागतो. चिखलात रुतलेला डोळा त्याच्या काय कामाचा? म्हणून दोन्ही वर. हा ऐब नव्हे, अल्लाहची कुदरत आहे. भाकसाचेही असेच, फक्त त्याचे डोळे कधी डावीकडे असतात, कधी उजवीकडे.

खाल्लेला मासा पोटात पचून जातो, त्याचा चेहरा बाळापर्यंत पोहोचत नाही. आणि बदशगुन मानणे आपल्या दीनमध्ये बसत नाही, हे आपण सगळ्याच जाणतो; चुलीपाशी मात्र विसरतो.

गरोदरपणात खरे टाळायचे ते मुशीसारखे मोठे शिकारी मासे. लहान मासे खाऊन खाऊन त्यांच्या अंगात पारा साठतो, आणि तो बाळाच्या मेंदूला बाधतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर स्त्रियांसाठी यादी केली आहे. तिच्यात सोल, फ्लाउंडर हे लेपाच्या गोतातले चपटे मासे सर्वांत चांगल्या गटात आहेत. अशा गटातले मासे आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खावेत, असे ते सांगतात. डॉक्टरांनी वेगळे पथ्य दिले असेल तर तेच पाळावे.

लेप ताजा घ्या. डोक्यापाशी चीर द्या, बोटांना मीठ लावून कातडी शेपटीकडे एका दमात ओढा. हळद, तिखट, आले-लसूण आणि आगळ लावून अर्धा तास ठेवा. तांदळाच्या पिठात घोळवून मंद आचेवर आतपर्यंत शिजेल असा तळा. मधला काटा सरळ असतो, मांस अलगद सुटते. पहिला तुकडा तुम्ही स्वतः सुनेला वाढा. मग बाकीच्या बायका काही बोलणार नाहीत.