स्वच्छ हातांचा हुकूमशहा

ग्वाटेमालाचा एकेकाळचा लष्करशहा जनरल एफ्राइन रिओस माँट १ एप्रिल २०१८ रोजी, ईस्टरच्या रविवारी, वयाच्या ९१ व्या वर्षी आपल्या घरी मरण पावला. वंशसंहाराबद्दल स्वतःच्याच देशाच्या न्यायालयाने दोषी ठरविलेला जगातील पहिला माजी राष्ट्रप्रमुख अशी त्याची इतिहासात नोंद आहे. आणि तरीही मरतेवेळी त्याच्या माथी एका दिवसाचीही शिक्षा उरलेली नव्हती. अशा माणसाविषयी बोलताना दोन सूर नेहमी ऐकू येतात. एक सूर त्याला धर्मवेडा माथेफिरू ठरवून मोकळा होतो. दुसरा सूर त्याच्या चाहत्यांचा: माणूस कठोर होता खरा, पण स्वच्छ होता, त्याने खिसे भरले नाहीत, शिस्त आणली. पहिला सूर उथळ आहे एवढेच. दुसरा घातक आहे, आणि म्हणून त्याचाच समाचार येथे घ्यावयाचा आहे. भ्रष्ट पुढाऱ्यांना विटलेला मध्यमवर्ग कोणत्याही देशात ज्या 'कडक आणि स्वच्छ' माणसाची आळवणी करीत असतो, तो माणूस ग्वाटेमालाला १९८२ साली खरोखरीच मिळाला होता.

त्याच्या चरित्राचा आरंभ त्याच्या देशाच्या जमिनीपासून करावा लागतो. पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभी त्या देशातील सुमारे दोन टक्के मालकांच्या हाती लागवडयोग्य जमिनीपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जमीन होती. लोकांनी निवडून दिलेला अध्यक्ष कर्नल हाकोबो आर्बेन्झ यानेही गणवेशच घातलेला होता. परंतु जून १९५२ मध्ये त्याने जमीन सुधारणेचा कायदा केला आणि मोठ्या जमीनदारांची पडीक जमीन सुमारे एक लाख कुटुंबांना वाटली. त्यात युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळी कंपनीची जमीनही होती. कंपनीने कर चुकविण्यासाठी आपल्या जमिनीची किंमत स्वतःच कमी लावून ठेवलेली होती. आर्बेन्झने त्याच किमतीने भरपाई देऊ केली. हा विनोद वॉशिंग्टनला सहन झाला नाही. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस याची पूर्वीची वकिली पेढी या कंपनीचे काम पाहत असे, आणि त्याचा भाऊ ॲलन सी. आय. ए. चा प्रमुख होता. जून १९५४ मध्ये आर्बेन्झ गेला, वाटलेली जमीन परत घेतली गेली. तेव्हापासून ग्वाटेमालाच्या सैन्याला एकच कायमचे काम उरले: ती जमीन पुन्हा कोणी मागू नये याची राखण.

रिओस माँट हा या राखणदारांपैकी एक. १९२६ साली वेवेतेनांगो या डोंगराळ प्रांतात जन्मलेला हा मुलगा सैन्यात शिरला, १९५० मध्ये पनामा कालव्याच्या पट्ट्यातील त्या अमेरिकन लष्करी विद्यालयात शिकून आला, जे पुढे 'स्कूल ऑफ द अमेरिकाज' या नावाने कुप्रसिद्ध झाले, आणि सत्तरीच्या दशकाच्या आरंभी जनरल अराना ओसोरियोच्या रक्तलांछित कारकिर्दीत सैन्याचा चीफ ऑफ स्टाफ झाला. येथवर त्याच्या आयुष्यात वेगळे असे काही नाही.

त्यानंतरचे प्रकरण मात्र पुरोगामी म्हणविणाऱ्यांना अडचणीचे आहे. १९७४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ख्रिश्चन डेमोक्रॅटांच्या पुढाकाराने विरोधकांची आघाडी झाली आणि तिने उमेदवार म्हणून उभा केला तो हाच जनरल. उपाध्यक्षपदासाठी त्याच्या जोडीला होता आल्बेर्तो फुएन्तेस मोर हा सामाजिक लोकशाहीवादी नेता. हिशेब उघड होता. जनरलांना हरवावयाचे तर आपल्याकडेही एक जनरल हवा. नागरी उमेदवाराला ते जिंकू देणार नाहीत. या हिशेबाचे फळ असे निघाले की मतमोजणीत उघड लबाडी होऊन लाउहेरुद हा सत्ताधाऱ्यांचा जनरल निवडून आल्याचे जाहीर झाले, आणि ज्याच्या विजयाची चोरी झाली त्या आमच्या उमेदवाराने लोकांना रस्त्यावर येण्याची हाक देण्याऐवजी माद्रिदच्या वकिलातीतील लष्करी प्रतिनिधीची जागा पत्करली. फुएन्तेस मोर देशात राहून राजकारण करीत राहिला. जानेवारी १९७९ मध्ये भर रस्त्यात गोळ्या घालून त्याचा खून झाला. गणवेश उसना घेऊन लोकशाही आणू पाहणाऱ्यांनी या दोघांच्या पुढील वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

माद्रिदहून परतल्यावर १९७८ मध्ये रिओस माँटने कॅथलिक चर्च सोडले आणि कॅलिफोर्नियात मूळ असलेल्या 'चर्च ऑफ द वर्ड' या इव्हँजेलिकल पंथात तो उपदेशक झाला. याच काळात कॅथलिक धर्मोपदेशकांचा एक वर्ग खेड्यांत सहकारी संस्था काढीत होता, माया शेतकऱ्यांना अक्षरओळख आणि हक्कांची ओळख करून देत होता, आणि त्याबद्दल मारला जात होता. (रिओस माँटचा सख्खा भाऊ मारियो हा कॅथलिक बिशप. १९९८ मध्ये अत्याचारांचा अहवाल प्रसिद्ध केल्यानंतर दोनच दिवसांत बिशप हेरार्दी यांचा खून झाला, तेव्हा चर्चच्या मानवी हक्क कार्यालयाची धुरा या भावाने उचलली. रक्ताच्या नात्यावरून माणसाचे राजकारण ओळखू नये ते असे.)

२३ मार्च १९८२ रोजी तरुण अधिकाऱ्यांनी जनरल लुकास गार्सियाची राजवट उलथवली आणि रिओस माँटला पुढे केले. लुकास गार्सियाचे राज्य खुनशी होतेच, शिवाय चोरटेही होते. उत्तरेकडील ज्या पट्ट्यात तेल आणि खनिजांची आशा होती तेथील जमिनी सेनाधिकाऱ्यांनी अशा लाटल्या की लोक त्याला 'जनरलांचा पट्टा' म्हणू लागले. राजधानीत विद्यार्थी, प्राध्यापक, कामगार पुढारी यांची प्रेते रस्त्यांवर सापडत. डोंगरांत गनिमांचे बळ वाढत होते. अशा वेळी दूरदर्शनवर एक सैनिक आला, परमेश्वराने आपल्याला सत्तेवर आणले असे म्हणाला आणि दर रविवारी देशाला प्रवचन देऊ लागला. कुटुंब, सचोटी, कर्तव्य हे त्याचे विषय. 'मी चोरी करीत नाही, मी खोटे बोलत नाही, मी अधिकाराचा गैरवापर करीत नाही' अशी त्रिसूत्री त्याने काढली, तीन बोटे उंचावलेला हात हे तिचे चिन्ह केले आणि सरकारी नोकरांना तिची शपथ घ्यावयास लावली. राजधानीतील रस्त्यांवरची प्रेते कमी झाली. शहरी माणसाने सुटकेचा निःश्वास टाकला.

प्रेते कमी झाली ती रस्त्यांवरची. चुकार टोळ्यांच्या हातचे मारणे आता सैन्याच्या आराखड्यात आले आणि खेड्यांकडे वळले. ९ जूनला रिओस माँटने आपल्या दोन्ही सहकाऱ्यांना दूर सारून स्वतःस अध्यक्ष घोषित केले. १ जुलैपासून वेढ्याची स्थिती जारी झाली. 'व्हिक्टोरिया ८२' या नावाची मोहीम सुरू झाली. किचे प्रांतातील नेबाह, चाहुल आणि कोट्साल या तीन गावांच्या परिसरात इशिल भाषा बोलणारे माया लोक राहतात. सगळेच्या सगळे इशिल लोक गनिमांना सामील आहेत असे सैन्य मानते, त्यामुळे लढणारे आणि न लढणारे यांत ते भेद करणार नाही, हे सी. आय. ए. च्या फेब्रुवारी १९८२ च्या गुप्त तारेतच नमूद आहे. म्हणजे वॉशिंग्टनला ठाऊक नव्हते अशी सबबही राहत नाही. पुढे जे घडले ते त्या समजुतीप्रमाणेच घडले. घरे जाळली, मक्याची उभी पिके जाळली, गुरे मारली, स्त्रियांवर बलात्कार केले, पोटातली आणि पाठीवरची मुलेही सोडली नाहीत. इशिल प्रदेशातील ७० ते ९० टक्के वस्त्या नष्ट झाल्या. जे डोंगरात पळाले ते भुकेने आणि थंडीने मेले, जे शरण आले त्यांना सैन्याच्या पहाऱ्यातील 'आदर्श ग्रामां'त कोंबण्यात आले, आणि पुरुषांना सक्तीने ग्रामरक्षक दलांत भरती करून शेजाऱ्याच्या हातून शेजारी मारविण्याची सोय करण्यात आली. या योजनेचे नाव 'बंदुका आणि घेवडा' असे होते. खावयाचे असेल तर बंदूक खांद्यावर घ्यावयाची.

संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये या सर्वाचा हिशेब मांडला. छत्तीस वर्षांच्या यादवीत दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली अथवा बेपत्ता झाली. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया. ९३ टक्के अत्याचारांची जबाबदारी सरकारी सैन्य आणि त्याच्या हस्तकांवर. आणि नोंदलेल्या एकूण अत्याचारांपैकी ४८ टक्के एकट्या १९८२ या वर्षातले. त्रिसूत्रीचे वर्ष ते हेच. त्याचा पहिला पाव भाग लुकास गार्सियाच्या पदरी घातला तरी उरलेल्या वर्षाचा धनी कोण हे सांगावयास नको.

या माणसाची सचोटी खोटी होती असे म्हणून वाद संपविण्याचा मोह होतो. तो टाळावा. तो लाच खात नव्हता असे क्षणभर मान्यच करू. त्यामुळे काय झाले? लाचखाऊ अधिकाऱ्याला पैसे चारून एखादा जीव वाचतो. आज्ञा तंतोतंत पाळणारे सैन्य तेवढीही फट ठेवीत नाही. ज्या व्यवस्थेचे काम माणसे मारणे हे आहे, ती व्यवस्था स्वच्छ आणि कार्यक्षम केली की ती अधिक माणसे मारते. चेहरे झाकलेल्या न्यायाधीशांची त्याची खास न्यायालये ही याच कार्यक्षमतेचा नमुना होती. मार्च १९८३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल ग्वाटेमालात येण्यापूर्वी काही दिवस, त्यांनी दयेची विनंती केलेली असताना, या न्यायालयांनी दोषी ठरविलेल्या सहा जणांना गोळ्या घालण्यात आल्या.

अमेरिकेला या सचोटीचे भारी कौतुक. ४ डिसेंबर १९८२ रोजी होंडुरासमधील सान पेद्रो सुला येथे अध्यक्ष रेगन त्याला भेटले आणि हा थोर सचोटीचा माणूस असून त्याच्यावर नाहक आळ घेतला जात आहे असे पत्रकारांना म्हणाले. दग्धभू धोरणाबद्दल विचारले असता, आमचे धोरण जमीन जाळण्याचे नसून कम्युनिस्ट जाळण्याचे आहे, असा विनोद रिओस माँटने केला. दोन दिवसांनी, ६ डिसेंबरला, कैबिल या खास पलटणीचे सैनिक पेतेन प्रांतातील दोस एर्रेस या वस्तीत शिरले. तेथून ते बाहेर पडेपर्यंत दोनशेहून अधिक माणसे मारली गेली होती. अनेकांची प्रेते गावच्या विहिरीत टाकलेली होती. १९७७ पासून बंद असलेली लष्करी साधनांची विक्री रेगन सरकारने पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९८३ मध्ये, पुन्हा खुली केली. मधल्या काळातील उणीव इस्रायलच्या गालिल रायफली आणि अरावा विमाने यांनी भरून काढलीच होती. मार्च १९९९ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी ग्वाटेमालात जाऊन अमेरिकेच्या पाठिंब्याबद्दल खेद व्यक्त केला. खेद व्यक्त करण्यास खर्च येत नाही.

८ ऑगस्ट १९८३ रोजी रिओस माँटचाच संरक्षणमंत्री मेहिया विक्टोरेस याने त्याला खाली खेचले. कारण म्हणून धर्मवेड्या गटाची लुडबुड सांगण्यात आली. तोवर डोंगरांतील गनिमांचा कणा मोडला होता, आणि मूल्यवर्धित कर बसवून या उपदेशकाने धनिकांच्या खिशालाही हात लावला होता. काम झालेल्या राखणदाराला मालकांनी घरी पाठविले, एवढाच त्याचा अर्थ. पण घरी तो बसला नाही. स्वतःचा पक्ष काढून तो संसदेत गेला, दोनदा तिचा अध्यक्ष झाला. बंड करून सत्ता बळकावणारा व त्याचे आप्त यांना अध्यक्षपदाची बंदी करणारे कलम राज्यघटनेत असतानाही २००३ मध्ये घटना न्यायालयाने त्याला उभे राहू दिले; मतदारांनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर फेकले. जानेवारी २०१२ मध्ये संसदेची मुदत संपून कायद्याचे कवच गळाले तेव्हा सरकारी वकिलांच्या प्रमुख क्लाउदिया पाझ इ पाझ यांनी त्याला न्यायालयासमोर उभे केले. इशिल स्त्रीपुरुष राजधानीत आले आणि दुभाष्यांच्या मदतीने, आपल्या भाषेत, तीस वर्षे कोंडलेले बोलले. बलात्कार सोसलेल्या स्त्रियांनी शालीने चेहरा झाकून साक्षी दिल्या. १० मे २०१३ रोजी न्यायाधीश यास्मिन बारिओस यांनी १,७७१ इशिलांच्या हत्येबद्दल त्याला ८० वर्षांची शिक्षा फर्मावली.

ती दहा दिवस टिकली. देशातील बड्या उद्योगपतींच्या आणि जमीनमालकांच्या महासंघाने निकाल रद्द करण्याची जाहीर मागणी केली आणि २० मे रोजी घटना न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी, कार्यपद्धतीचे कारण दाखवून, तो रद्द केला. ज्या वर्गासाठी त्याने ते काम केले होते तो वर्ग त्या दहा दिवसांत प्रथमच उघड्यावर आला. दोस एर्रेसमध्ये प्रत्यक्ष हत्या करणाऱ्या सैनिकांना २०११ मध्ये प्रत्येकी सहा हजारांहून अधिक वर्षांची शिक्षा झाली होती. त्यांच्यासाठी हा महासंघ धावला नव्हता.

तेव्हाचा अध्यक्ष ओट्टो पेरेझ मोलिना हा १९८२ मध्ये नेबाहच्याच परिसरात मेजर होता. वंशसंहार झालाच नाही असे तो म्हणे. २०१५ मध्ये त्याला पायउतार होऊन तुरुंगात जावे लागले ते आयात करातील अफरातफरीपायी. त्यासाठी राजधानीचा चौक शनिवारमागून शनिवार माणसांनी फुलला, आणि तो फुलला हे चांगलेच झाले. पण त्याच चौकाने दोनच वर्षांपूर्वी १,७७१ माणसांचा निकाल रद्द होताना एवढी गर्दी पाहिली नव्हती. चोरी शहराला दिसते. नेबाह फार दूर आहे.

फेरखटला रखडत, रिओस माँटला स्मृतिभ्रंश झाल्याचे ठरून, बंद दाराआड चालू राहिला आणि आरोपीच्या मृत्यूने संपला. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की इशिलांचा वंशसंहार सैन्याने केला हे सिद्ध होते. मात्र उरलेला एकमेव आरोपी, त्या वेळचा लष्करी गुप्तवार्ता प्रमुख, निर्दोष आहे. मुलगी सुरी रिओस हिला २०१९ मध्ये राज्यघटनेच्या त्याच कलमाने अडविले होते. २०२३ मध्ये ते आड आले नाही. तिने अध्यक्षपदाची निवडणूक लढविली, पण दुसऱ्या फेरीपर्यंतही ती पोचू शकली नाही. एप्रिल २०२४ मध्ये लुकास गार्सियाच्या सेनापती भावावर इशिल वंशसंहाराचा खटला उभा राहिला, तेव्हा नेबाह, चाहुल आणि कोट्सालची माणसे पुन्हा राजधानीत आली. नोव्हेंबरमध्ये निकाल तोंडावर आला असताना वरिष्ठ न्यायालयाने खटल्याचे न्यायाधीशच बाजूला केले.