नाव राहते, माणसे बदलतात

मानसगंगोत्रीच्या परिसरात दसऱ्याच्या आधीच्या दिवसांत संध्याकाळी तरुणांची गर्दी असते. खुल्या रंगमंदिरात युवासंभ्रमाचे कार्यक्रम चालू असतात, आणि बाहेर कॉफीचे पेले हातात घेऊन संगीतावर वाद घालणारी टोळकी जागोजाग उभी असतात. अशाच एका टोळक्याचा वाद एकदा प्रस्तुत लेखकाच्या कानी पडला. विषय होता दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या वाद्यवृंदाचा. असीम चक्रवर्ती गेले, पुढे सुश्मित सेन बाहेर पडले. आता जे ऐकू येते त्याला ‘इंडियन ओशन’ म्हणावे काय, असा प्रश्न होता. वाद कन्नड आणि इंग्रजी अशा मिश्र भाषेत चालला होता. ‘साउंड’, ‘फील’, ‘लाइन-अप’ हे शब्द पुनःपुन्हा येत होते आणि कोणाचेच कोणाला पटत नव्हते. तेवढ्यात त्यांतील एक बेळगावकडचा मुलगा शेजारच्या मित्राला मराठीत म्हणाला, ‘अरे, वाजवतात चांगलंच, पण तो गेला आणि त्यातला ओलावा गेला.’ त्या अर्ध्या तासात ऐकलेले नेमके असे विधान हे एकच होते. ते चूक की बरोबर हा भाग वेगळा. परंतु त्याच्याशी वाद घालता येत होता. ‘फील’शी वाद घालता येत नाही.

त्या प्रसंगाने दोन प्रश्न मनात राहिले. माणसे बदलल्यावर वाद्यवृंद तोच राहतो काय, हा पहिला. आणि या प्रश्नाचा विचार मराठीत का होत नाही, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न एकमेकांशी निगडित आहेत असे माझे मत आहे.

ज्याला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात त्या संगीतप्रकाराला मराठीत नाव नाही. ‘पुरोगामी’ म्हणावे तर आपल्यासमोर फुले-आंबेडकरांची परंपरा उभी राहते, गिटार नव्हे. हा प्रकार इंग्लंडमध्ये १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आकाराला आला. ‘किंग क्रिमझन’ची पहिली ध्वनिमुद्रिका १९६९ सालची. ‘जेथ्रो टल’ने १९७२ मध्ये ‘थिक ॲज अ ब्रिक’ ही एकच रचना तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापून सादर केली, आणि त्याच वर्षी ‘येस’ने ‘क्लोज टु द एज’ या रचनेला तबकडीची एक संपूर्ण बाजू दिली. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडणे, एका कल्पनेचा विस्तार करीत जाणे, ताल आणि गती मध्येच बदलणे, पाश्चात्त्य अभिजात संगीत, लोकगीते व जॅझ यांचे संस्कार पचविणे ही त्याची लक्षणे. आपल्याकडे ‘इंडियन ओशन’वर असा शिक्का मारणे काटेकोरपणाचे होणार नाही; पण दीर्घ विस्तार, लोकसंगीत आणि शास्त्रोक्त संगीताचा आधार, आणि श्रोत्याकडून सबुरीची अपेक्षा या बाबतींत तो त्याच कुळीचा आहे. १९९० साली तो उभा राहिला. ‘सहमत’साठी १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत झालेल्या मैफलीतून ‘डेझर्ट रेन’ निघाली, आणि २००० सालच्या ‘कंदीसा’ने त्याला देशभर श्रोते मिळवून दिले. त्या संग्रहातील ‘मा रेवा’ नर्मदेच्या खोऱ्यातून आलेले आहे, आणि राहुल राम यांनी तेथील आंदोलनात काम केले होते, ही गोष्ट महाराष्ट्रातील श्रोत्याला सांगावयास नको.

असे संगीत ऐकणारा श्रोता घाईचा नसतो. एकेक रचना वर्षानुवर्षे ऐकून त्याच्या कानांत तिची प्रत्येक वळणे पक्की बसलेली असतात. म्हणून अशा वाद्यवृंदातील एक माणूस बदलला की त्याला तो पहिल्या मिनिटाला जाणवतो, आणि वाद सुरू होतो.

हा वाद जगभर आहे. त्याचे टोकाचे उदाहरण ‘येस’चे. १९६८ साली स्थापन झालेल्या या वाद्यवृंदाचा मूळ गायक जॉन अँडरसन २००८ मध्ये त्यातून दूर झाला, आणि त्याच्या जागी जो आला तो ‘येस’चीच गाणी गाणाऱ्या एका हौशी अनुयायी-वृंदातला गायक होता. २०१२ मध्ये त्याच्याही जागी दुसरा आला, तोही अशाच एका अनुयायी-वृंदात गायिलेला. २०१५ साली संस्थापकांपैकी ख्रिस स्क्वायर मरण पावला आणि वृंदात एकही संस्थापक उरला नाही. पुढे काही काळ तर अँडरसन आपल्या दोन जुन्या सहकाऱ्यांसह ‘येस’ हे नाव घेऊन वेगळा दौरा करीत होता. एका नावाचे दोन वाद्यवृंद! श्रोते विभागले गेले. एकांचे म्हणणे असे की कंठ तेथे ‘येस’. दुसऱ्यांचे असे की परंपरा जेथे अखंड चालली तेथे ‘येस’.

मराठी वाचकाला हे वाचून नवल वाटण्याचे कारण नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले, पण किर्लोस्कर नाटक मंडळी चालत राहिली. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले. १९०५ साली बालगंधर्व मंडळीत आले. भाऊरावांच्या तडफदार गळ्यानंतर त्याच भूमिकांतून बालगंधर्वांचा नाजूक गळा ऐकणे म्हणजे जुन्या प्रेक्षकाला एका नावाखाली दुसरीच मंडळी पाहण्यासारखे होते. १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी निघाली. मग ‘किर्लोस्कर’ कोण? नाव ज्यांच्याकडे राहिले ते, की गाणे ज्यांच्याबरोबर गेले ते? अलीकडचे उदाहरण हवे असेल तर ‘कट्यार काळजात घुसली’चे घ्यावे. १९६७ च्या त्या नाटकातील खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे, असे समीकरण होऊन बसले होते. २०१५ च्या चित्रपटात खाँसाहेबांसाठी त्यांचे नातू राहुल देशपांडे गायिले, तेव्हा थेटरात बसलेले अर्धे लोक नातवाच्या गाण्यात आजोबांना शोधत होते. काहींना ते सापडले, काहींना नाही, आणि काही थोड्यांनी नातवाचे गाणे ऐकले.

म्हणजे या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपल्याजवळ सामग्री भरपूर आहे. त्यातली सर्वांत मोलाची ‘घराणे’ ही कल्पना. वामनराव देशपांडे यांनी १९६१ साली ‘घरंदाज गायकी’त स्वर आणि लय यांच्या परस्परप्रमाणावरून घराण्यांचा वेगळेपणा सांगण्याचा प्रयत्न केला. त्यांचे सारेच निष्कर्ष मान्य केले पाहिजेत असे नाही. पण गायक बदलला तरी गायकी ओळखता येते, आणि ती कशावरून ओळखावयाची हे शब्दांत मांडता येते, हे त्यांनी दाखवून दिले. ‘किंग क्रिमझन’मध्ये रॉबर्ट फ्रिप हा एकच माणूस आरंभापासून २०२१ च्या अखेरच्या दौऱ्यापर्यंत कायम राहिला, बाकीचे येत-जात राहिले, तरी तो वाद्यवृंद ओळखू येतो. ‘ती त्या घराण्याची गायकी आहे’ या मराठी वाक्याने ही गोष्ट जितकी सुटसुटीत सांगता येते तितकी इंग्रजीतून सांगता येत नाही.

मात्र हे साम्य ताणता कामा नये. घराण्यात शिष्य गुरूजवळ बसून तालीम घेतो, गुरूच्या दोषांसकट गायकी उचलतो आणि मग तिच्यातून आपली वाट काढतो. वाद्यवृंदात बहुधा जागा रिकामी होते आणि ती भरली जाते. नाव ही एक मालमत्ता असते, आणि तिच्यावरून वकिलांच्या नोटिसा निघू शकतात. ‘येस’च्या नव्या गायकांची तुलना करावयाची तर ती एकलव्याशी करावी लागेल: समोर गुरू नाही, आहे ती ध्वनिमुद्रिका. आणि येथेच खरा फरक आहे. ख्यालगायनात कालची मैफल काल संपते. शिष्याची तुलना होते ती श्रोत्याच्या आठवणीतल्या गुरूशी. आणि आठवण थोडी दयाळू असते, थोडी लबाड. रॉकच्या श्रोत्याजवळ १९७२ ची तबकडी जशीच्या तशी आहे. तो नव्या गायकाला स्वरास्वराने तिच्यावर घासून पाहतो. ध्वनिमुद्रण हे त्या संगीताचे भाग्य आहे आणि त्याच्या म्हाताऱ्या कलावंतांची शिक्षाही आहे.

तेव्हा निर्णय कशावर करावा? माझ्या मते मूळची किती माणसे उरली याची मोजदाद व्यर्थ आहे. पाहावयाचे ते असे की नवा माणूस जुन्याची नक्कल करण्यासाठी आणला आहे की त्याला स्वतःचे काही बोलू दिले जाते. आणि नव्या मेळाकडून नवी रचना होते की केवळ जुन्याची उजळणी. या कसोटीवर ‘इंडियन ओशन’चे उदाहरण बोलके आहे. असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी गेले. ते तबला वाजवीत गात. ती एक जागा भरण्यासाठी तुहीन चक्रवर्ती आणि हिमांशू जोशी अशी दोन माणसे घ्यावी लागली. तो एक माणूस पुन्हा उभा करता येणार नाही, याची ती प्रामाणिक कबुलीच होती. असीम यांचा आवाज असलेल्या शेवटच्या रचना, ‘१६/३३० खजूर रोड’ या त्यांच्या सरावाच्या जागेचे नाव देऊन, २०१० पासून एकेक करून श्रोत्यांना विनामूल्य देण्यात आल्या. २०१३ मध्ये सुश्मित सेन दूर झाले, आणि निखिल राव गिटारवर आले. त्यानंतर २०१४ मध्ये ‘तंदानु’ आली. तीत शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट, शंकर महादेवन अशा पाहुण्यांना बोलावून आपल्या चौकटीची परीक्षा घेतलेली आहे. आणि २०२३ मध्ये ‘तू है’ आली. हे सर्व आधीच्या इतके उत्तम आहे असा माझा दावा नाही. ओलावा कमी झाला, हे त्या मुलाचे म्हणणे मलाही काही अंशी पटते. पण हे उजळणीचे दुकान नाही, चालते घर आहे, आणि चालत्या घराला त्याच्या नावाचा हक्क आहे.

यावर एक आक्षेप येईल. हे सारे हौशी चाहत्यांचे वाद. विद्यापीठीय नियतकालिकात त्यांना जागा कशाला? म्हैसूरमध्ये बसून हा आक्षेप घेणे मात्र कठीण आहे. या शहराचे अखेरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार (१९१९–१९७४) हे स्वतः कर्नाटक संगीतातील रचनाकार, त्यांच्या ९४ कृती प्रसिद्ध आहेत. परंतु येथे त्यांचा विचार करावयाचा तो श्रोता म्हणून. निकोलाय मेट्नर हा रशियन संगीतकार लंडनमध्ये आजारी आणि विपन्न अवस्थेत दिवस काढीत होता. त्याचे संगीत काळाच्या आवडीबाहेर पडले होते. हजारो मैलांवरच्या या श्रोत्याने त्याच्या नावाची सोसायटी स्थापन करून, स्वतः मेट्नरच्या वादनासह त्याच्या रचनांच्या ध्वनिमुद्रणांचे तीन संच काढविले. मेट्नर १९५१ साली वारला. त्याचा तिसरा पियानो-कॉन्चेर्टो म्हैसूरच्या महाराजांना अर्पण केलेला आहे. आज मेट्नरचे स्वतःचे वादन आपणास ऐकावयास मिळते ते मोठ्या प्रमाणात एका चाहत्याच्या हट्टामुळे. कोणी म्हणेल, राजाचा हट्ट तो, तिजोरीच्या जोरावर पुरा झाला. खरे आहे; पण तिजोऱ्या पुष्कळांच्या होत्या, मेट्नर आठवला एकाला. काळाने बाजूला टाकलेल्या संगीताची बाजू प्रथम घेतो तो बहुधा चाहता. समीक्षक मागाहून येतो.

आणि म्हैसूर मराठी संगीतापासून दूर नाही. येथील दरबारी असलेल्या नत्थन खाँ यांची तालीम भास्करबुवा बखले यांना लाभली, आणि भास्करबुवांच्या चाली १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकातून महाराष्ट्राच्या घराघरांत पोचल्या. ज्या भाषेने ख्यालाला, नाट्यसंगीताला, भावगीताला आस्वादाची परिभाषा दिली, त्या भाषेत तीस-पस्तीस वर्षे वाजत असलेल्या एका भारतीय वाद्यवृंदावर चार पाने गंभीरपणे लिहिली जाऊ नयेत, ही उणीव संगीताची नाही, आपली आहे. आपण हे संगीत ‘परके’ म्हणून इंग्रजीच्या स्वाधीन केले. मग ते ऐकणाऱ्या मुलांनी त्याच्याविषयी इंग्रजीत, तेही उसन्या आणि झिजलेल्या इंग्रजीत बोलावे, यात त्यांचा दोष काय? नव्या परिभाषेचा कोश करण्याची तूर्त गरज नाही. ‘गायकी’, ‘लगाव’, ‘बढत’, ‘भराव’, ‘ठेहराव’, ‘जागा’ हे शब्द गिटारलाही चालतात; चालतात की नाही हे लिहून पाहिल्याखेरीज कळणार नाही. आपल्या मराठी विभागांतून एखाद्या विद्यार्थ्याने अशा वाद्यवृंदाच्या मैफलीचे परीक्षण लिहून आणले तर ते विषयबाह्य म्हणून परत करू नये, एवढेच सुचवावयाचे आहे. ‘ओलावा गेला’ असे म्हणणाऱ्या त्या मुलाला, तो नेमका कोठे गेला, कोणत्या रचनेत आणि कोणत्या वळणावर, हे विचारणारे कोणीतरी मराठीत असले पाहिजे. त्याचे उत्तर त्याच्याजवळ असावे असे त्याच्या बोलण्यावरून तरी वाटत होते.